पीकपेरा आता आपल्या हातात: ई-पीक पाहणी नीट समजून घेऊ

सातबाऱ्याचा वरचा भाग बहुतेक शेतकऱ्यांना तोंडपाठ असतो. गट क्रमांक, खाते क्रमांक, कोणाच्या नावावर किती आर, इतर हक्कात सोसायटीचा बोजा किती. हा गाव नमुना सात. त्याच्या खाली एक तक्ता असतो: वर्ष, हंगाम, पिकाचं नाव, क्षेत्र, पाण्याचं साधन. हा गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, बोलीत पीकपेरा. दोन्ही मिळून सातबारा. वरच्या भागासाठी भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. खालच्या भागात काय लिहिलंय, हे मात्र वर्षानुवर्षं कोणी बघतही नव्हतं. बँकेत पीककर्जाला गेलं की साहेब विचारायचे, तेव्हा कळायचं की ऊस काढून तीन वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर ऊसच उभा आहे.

याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. पीक पाहणी हे तलाठ्याचं काम होतं. गावात आधी कळवायचं, हंगामात शिवारात जायचं, गटागटाने पीक बघायचं आणि लिहायचं, असा नियम. एका सजात, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, दोन-तीन किंवा त्याहून जास्त गावं, प्रत्येक गावात शेकडो गट, वर निवडणुका, पंचनामे, दाखले, वसुली. एका माणसाने प्रत्येक बांधावर जाणं शक्यच नव्हतं. म्हणून चावडीत बसून, कोणाला तरी विचारून, बऱ्याचदा मागच्या वर्षीचं पीक पुढे ओढून नोंदी होत. यात सगळा दोष तलाठ्याला देणं मला पटत नाही. कामाची मांडणीच अशी होती की नोंद चुकणार.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ही मांडणी बदलली. महसूल आणि कृषी विभागाने टाटा ट्रस्टच्या साथीने ई-पीक पाहणीचं मोबाइल अ‍ॅप राज्यभर सुरू केलं. त्याचं घोषवाक्य गावोगावच्या भिंतींवर लागलं: ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा.’ यातला ‘मीच’ महत्त्वाचा. इतकी वर्षं जे काम सरकारी माणसाचं होतं, ते खातेदाराकडे आलं. शेतात जायचं, पीक निवडायचं, क्षेत्र भरायचं, फोटो काढायचा आणि पाठवायचा. ती माहिती स्वयंघोषणा मानली जाते. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, त्यातल्या काही नोंदींची तपासणी करतात. सुरुवातीच्या व्यवस्थेत हे प्रमाण दहा टक्के ठेवलं होतं. बाकीच्या नोंदी तुमच्या शब्दावर नमुना बारामध्ये जातात.

हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. सरकारी दप्तरात शेतकऱ्याने स्वतः लिहिलेली आणि सरकारने खरी धरलेली नोंद पूर्वी सहसा नसायची. आपण अर्ज करायचो, लिहायचं दुसऱ्याने. इथे लेखणीच आपल्या हातात आली. त्यासोबत एक ओझंही आलं. नोंद झाली नाही तर ‘तलाठ्याने लिहिलं नाही’ असं म्हणायची सोय राहिली नाही.

त्या ओझ्याची किंमत किती, हे कांद्याने दाखवलं. २०२३ च्या सुरुवातीला लाल कांद्याचे भाव पार कोसळले. सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत अनुदान जाहीर केलं. २०० क्विंटलचे होतात सत्तर हजार रुपये. बाजार समितीची विक्रीपट्टी प्रत्येकाकडे होती, कांदा विकलेला सगळ्यांना दिसत होता. पण अट होती सातबाऱ्यावर कांद्याची नोंद असण्याची, आणि असंख्य शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर कांदा नव्हताच. कुठे नोंद झालीच नव्हती, कुठे मका नाहीतर सोयाबीन तसंच राहिलं होतं. नाशिक जिल्ह्यात मोठी ओरड झाली. शेवटी गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांकडून खातरजमा करून नोंद नसलेल्यांचा विचार करावा लागला. तोवर हेलपाटे, दाखले, रांगा हे सगळं झालंच.

पुढच्याच वर्षी सोयाबीन आणि कापसाच्या बाबतीत तेच झालं. २०२३ च्या खरिपातल्या या दोन पिकांना हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी मदत जुलै २०२४ मध्ये ठरली. पात्रतेसाठी २०२३ च्या खरिपातली ई-पीक पाहणी बघितली गेली. म्हणजे आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये ज्याने फोटो काढला होता, त्याचं नाव यादीत. ज्याने ‘बघू नंतर’ म्हटलं होतं, तो बाहेर. पुन्हा ओरड, पुन्हा अट शिथिल.

या दोन्ही वेळी सूट मिळाली, म्हणून काही जण म्हणतात, ‘शेवटी सरकार देतंच.’ मला हा हिशेब धोक्याचा वाटतो. सूट मिळते ती आरडाओरडा मोठा झाल्यावर, आणि आरडाओरडा मोठा होतो तो जिल्हाच्या जिल्हा अडकल्यावर. एकट्यादुकट्या खातेदाराची नोंद राहिली तर त्याच्यासाठी कोणी शासन निर्णय बदलत नाही. शिवाय दरवर्षी नोंदी वाढत चालल्या आहेत. नोंद न करणारे जितके कमी होतील, तितकं त्यांचं ऐकणारंही कोणी राहणार नाही.

पीकविम्यात तर नोंदीचं वजन आणखी आहे. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात विमा होता, तेव्हा बोगस अर्जांचा पूर आला. पिकाशी काही संबंध नसलेल्या जमिनी विम्यात दाखवल्या गेल्या. २०२५ च्या खरिपापासून ती योजना बंद झाली आणि शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा विमा रकमेच्या खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंत असा झाला. म्हणजे आता खिशातून जाणारे पैसे खरे आहेत. आणि विम्याच्या सूचनांत स्पष्ट म्हटलेलं असतं की विमा अर्जातलं पीक आणि ई-पीक पाहणीतलं पीक यांत तफावत आली, तर पाहणीतली नोंद अंतिम धरली जाईल. अर्ज सेतू केंद्रात भरलेला असतो, घाईत, कधी दुसऱ्याच माणसाने. ‘सोयाबीन’ लिहिलंय आणि शेतात उडीद आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. नुकसान झाल्यावर येतं.

आता प्रत्यक्ष नोंद कशी होते ते बघू. अ‍ॅप उघडलं की जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, आपलं नाव किंवा गट क्रमांक शोधायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. इथवर कोणालाही जमतं. चुका होतात त्या पुढे, आणि त्या मोबाइल न कळल्यामुळे होत नाहीत, शेतीचा हिशेब सरकारी चौकटीत बसवताना होतात.

पहिली अडचण मोजमापाची. आपण एकरात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये बोलतो. एक हेक्टर म्हणजे शंभर आर. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, म्हणजे साधारण ४०.४७ आर. गुंठा आणि आर जवळपास सारखेच. त्यामुळे दोन एकर कापूस असेल तर अ‍ॅपमध्ये ०.८१ भरायचं. बरेच जण सरळ २ भरतात. गट लहान असेल तर अ‍ॅप अडवतं, कारण क्षेत्र गटापेक्षा मोठं होतं. पण गट तीन हेक्टरचा असेल तर अ‍ॅप बिनतक्रार घेतं आणि दोन एकराच्या कापसाची नोंद दोन हेक्टरची होते, म्हणजे जवळजवळ पाच एकराची. मग उरलेल्या जमिनीतल्या पिकांना क्षेत्र कमी पडतं. पोटखराबाही लक्षात ठेवायचा. ओढा, खडक, बांध यांचं क्षेत्र लागवडीयोग्य क्षेत्रात धरलेलं नसतं.

दुसरी अडचण आंतरपिकाची, आणि इथे सगळ्यात जास्त पैसे जातात असं माझं निरीक्षण आहे. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतात. ऑगस्टमध्ये शेतात उभं राहिलं की डोळ्यांत भरतं सोयाबीन, तूर अजून गुडघ्याएवढीही नसते. मग ‘एक पीक’ निवडून सोयाबीन टाकलं जातं आणि विषय संपतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतं, तूर जानेवारीपर्यंत उभी राहते. फेब्रुवारीत बाजारभाव हमीभावाच्या खाली असेल, तर हमीभाव केंद्रावर नोंदणीला जायचं. तिथे सातबाऱ्यावर तूर लागते. ती नाही. वीस क्विंटल तूर घरात आणि कागदावर एक दाणा नाही. ‘मिश्र पीक’ निवडून मुख्य पीक सोयाबीन, दुय्यम पीक तूर, दोघांचं क्षेत्र ओळींच्या हिशेबाने वाटून टाकलं असतं, तर हे टळलं असतं. चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर अशी पेरणी असेल, तर ओळींतलं अंतर लक्षात घेऊन पेरणी करतानाच हा हिशेब वहीत लिहून ठेवावा. ऑगस्टमध्ये आठवत नाही.

तिसरी अडचण सामाईक खात्याची. आजोबांच्या नावची जमीन, वारस लागले, पण पोटहिस्से पडले नाहीत. एका गटावर तीन भावांची नावं. प्रत्यक्षात तिघं आपापला तुकडा वेगळा कसतात. मोठ्या भावाने पहिल्या दिवशी अ‍ॅप उघडून पूर्ण गटावर ऊस टाकला की धाकट्यांना नोंदवायला क्षेत्रच उरत नाही. यात कोणाची लबाडी असतेच असं नाही. अ‍ॅप समोर एकूण क्षेत्र दाखवतं आणि माणूस तेच भरतो. उपाय तंत्रज्ञानात नाही, ओसरीवर बसून आधी ठरवण्यात आहे: कोण किती क्षेत्र टाकणार, कोणतं पीक. आणि एक गैरसमज इथेच दूर करतो. पीकपेऱ्यावर नोंद केली म्हणून जमिनीची मालकी कोणाकडे सरकत नाही. मालकी आणि हक्क नमुना सातमध्ये असतात, तिथे बदल करायचा तर फेरफार लागतो. या भीतीपोटी भावांना नोंद करू न देणारी घरं आहेत. त्यात सगळ्यांचंच नुकसान.

याशिवाय पाण्याचं साधन विचारलं जातं, विहीर, बोअर, कालवा, शेततळं. सिंचन पद्धत विचारली जाते. लागवडीची तारीख विचारली जाते, ती नोंद करायच्या दिवसाची टाकू नका, पेरणीची टाका. जमीन पडीक असेल तर तीही नोंदवायची असते, चालू पड की कायम पड. बांधावरच्या झाडांसाठीही जागा आहे. आंबा, साग, चिंच असेल तर टाका.

मग फोटो. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून, पिकात उभं राहून काढायचा. केंद्र सरकारच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेलं नवं अ‍ॅप आल्यापासून, ज्याला लोक डीसीएस म्हणतात, गटाच्या हद्दीत उभं राहणं जास्त काटेकोरपणे तपासलं जातं. घरी बसून किंवा पुण्यातून नोंद होत नाही. इथे एक खरी अडचण आहे. काही गटांचे नकाशे जमिनीशी नीट जुळत नाहीत. तुम्ही आपल्याच विहिरीजवळ उभे असता आणि अ‍ॅप म्हणतं, तुम्ही गटापासून दूर आहात. अशा वेळी झाडाखालून बाहेर मोकळ्या आभाळाखाली या, एक-दोन मिनिटं थांबा, मग पुन्हा बघा. तरीही जमलं नाही तर त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तो पुढे कामाला येतो.

शिवारात नेटवर्क नसेल तर माहिती फोनमध्ये साठवून गावात आल्यावर अपलोड करता येते. हे ‘अपलोड’ विसरणारे फार आहेत. फोटो काढला, समाधान झालं, पण माहिती फोनमध्येच बसून राहिली. नोंद पोचल्याचा संदेश दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका. चूक झाली तर दुरुस्तीला सहसा ४८ तास मिळतात, म्हणून त्याच संध्याकाळी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी नोंद वाचून दाखवा. आणि काही दिवसांनी ऑनलाइन सातबारा काढून नमुना बारा उघडून बघा. तिथे पीक दिसलं, म्हणजे खरं काम झालं.

मुदत दरवर्षी जाहीर होते. खरिपाची शेतकऱ्यांची मुदत साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, रब्बीची डिसेंबर-जानेवारीत, उन्हाळी पिकांची एप्रिल-मेमध्ये. पाऊस, सर्व्हर अशा कारणांनी ती वाढतेही. पण वाढेल म्हणून थांबू नका. शेवटच्या चार दिवसांत सगळा तालुका अ‍ॅपवर असतो आणि सर्व्हर रडकुंडीला येतो. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर गावासाठी नेमलेले पीक पाहणी सहायक राहिलेले गट करतात. तो आधार आहे, पण सहायकाला तुमच्या शेतातली तुरीची ओळ दिसेल की नाही, हा प्रश्न आहेच.

इथवर वाचून कोणी म्हणेल, सगळं शेतकऱ्यावरच टाकलं की. हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. जबाबदारी घेणं म्हणजे दुसऱ्याचीही आपल्या डोक्यावर घेणं नव्हे. सर्व्हर चालू ठेवणं, नकाशे दुरुस्त करणं, मुदत वेळेत जाहीर करणं, ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्या शेतावर माणूस पाठवणं, ही सरकारची कामं आहेत आणि ती सरकारकडेच राहिली पाहिजेत. मात्र ती मागायची तर आपली बाजू पक्की हवी. ‘अ‍ॅप चालत नाही’ असं तोंडी सांगण्यापेक्षा तारीख, गट क्रमांक आणि स्क्रीनशॉट जोडून मुदतीच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नोंद राहिली तरी ती तुमच्यामुळे राहिली नाही, हे त्या पोचेवरून दाखवता येतं. पुढे अट शिथिल झाली तर तुमचा कागद तयार असतो.

एका वर्गापुढे मात्र हे सगळे उपाय तोकडे पडतात: बटईने किंवा ठोक्याने जमीन कसणारे. अ‍ॅप खातेदाराला ओळखतं, कसणाऱ्याला ओळखत नाही. कसणाऱ्याला जमिनीवर हक्क देणाऱ्या कूळ कायद्याच्या धास्तीने जमीनमालक कागदावर करार करायला तयार नसतो. त्यामुळे बियाणं, खत, मजुरी ज्याच्या खिशातून गेली, त्याचं नाव पीकपेऱ्यात कुठेच येत नाही. नुकसानीचे पैसे मालकाच्या खात्यात जातात, आणि तो किती देईल हे त्याच्या मनावर. जमीनमालक गावाबाहेर राहत असेल, तर पाहणीच होत नाही, कारण ओटीपी त्याच्या फोनवर आणि पीक इथे. मालकांना माझी विनंती एवढीच: ओटीपी वेळेवर सांगा, आणि मदत आली तर ती कोणाची, हे पेरणीच्या वेळीच बोलून ठेवा. खरा उपाय कायद्याच्या पातळीवरच होईल.

तीच गोष्ट शेतकरी बाईची. सातबाऱ्यावर नाव तिचं, पतीच्या निधनानंतर वारसाने लागलेलं. शेतही तीच बघते. पण नोंदणीचा मोबाइल नंबर दिराचा किंवा पुण्यात असलेल्या मुलाचा. प्रत्येक हंगामाला ओटीपीसाठी फोन करायचा, तो कामावर असतो, उचलत नाही, ओटीपीची वेळ निघून जाते. तिच्या स्वतःच्या नंबरावरून नोंदणी करून देणं हे घरातल्या कोणाही शिकलेल्या मुलाचं अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढं केलं की पुढच्या हंगामाला ती कोणाच्या फोनवर अवलंबून राहत नाही. एकाच फोनवरून अनेक खातेदारांची पाहणी करता येते, ही सोय शेजाऱ्याला मदत करायला चांगली आहे. पण ‘पन्नास-शंभर रुपये द्या, पाहणी करून देतो’ म्हणणाऱ्याकडे ओटीपी देऊन घरी बसणं हा वेगळा प्रकार. त्याने कोणत्या पिकाचा फोटो काढला, किती क्षेत्र टाकलं, हे तुम्हाला माहीत नसतं, आणि ती माहिती तुमची स्वयंघोषणा म्हणून दप्तरात जाते. खोटी निघाली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

मोबाइलची धास्ती असणाऱ्यांचं मला समजतं. ज्याने आयुष्यभर वहीवर अंगठा दिला, त्याला जीपीएसचं लोकेशन चालू कर म्हणणं सोपं नाही. पण शेतीत यंत्राचा शिरकाव आपण अ‍ॅप उघडलं तरच होतो, असं नाही. तो कधीच झालाय. महसूल मंडळात बसवलेलं हवामान केंद्र पाऊस मोजतं आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी धरली जाते. केंद्र दहा किलोमीटरवर असेल आणि ढग तुमच्याच शिवारावर फुटला असेल, तर त्या यंत्राला तो दिसत नाही. विम्यासाठी उत्पन्न ठरतं ते मंडळातल्या काही निवडक शेतांतल्या पीक कापणी प्रयोगांवरून, आणि काही पिकांसाठी आता उपग्रहाच्या माहितीचीही जोड आहे. तुमचं शेत त्या सरासरीत एक ठिपका असतं. अ‍ॅग्रिस्टॅक या केंद्र सरकारच्या शेतीविषयक डिजिटल माहितीसाठ्यात शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, गावाचा नकाशा आणि पेरलेलं पीक या तीन याद्या एकमेकींना जोडल्या जात आहेत, आणि पुढच्या बहुतेक योजना त्याच जोडणीवर चालतील असं दिसतंय.

या सगळ्या यंत्रांपैकी एकही तुम्हाला विचारत नाही. पावसाची नोंद तुम्ही करत नाही, उपग्रहाचं चित्र तुम्ही काढत नाही, पीक कापणीचा प्लॉट तुम्ही निवडत नाही. तुमच्या शेताबद्दल तुम्ही स्वतः काही सांगू शकता अशी या साखळीतली जागा म्हणजे नमुना बारा. ती रिकामी सोडली तर शेताविषयी बाकी सगळे बोलतील आणि मालक तेवढा गप्प असेल. म्हणून मी ई-पीक पाहणीकडे सरकारने लादलेलं काम म्हणून बघत नाही. हा आपला जबाब आहे, आपल्याच शेतात उभं राहून दिलेला. पुढे भरपाईवरून वाद झाला, तर ‘माझं पीक या तारखेला असं उभं होतं’ हे सांगणारा तारखेचा, ठिकाणाचा, फोटोचा पुरावा हाताशी असतो. जुन्या पद्धतीत तो कधीच नव्हता.

जबाब द्यायचा तर तो खराही हवा, हे ओघानेच आलं. अनुदानाची आवई उठली म्हणून शेतात ज्वारी असताना कांदा टाकणारे आहेत. त्याने दोन नुकसानं होतात. एक तर तपासणीत सापडलं तर योजनेतून नाव जातं. दुसरं जास्त खोल आहे. तालुक्यात कांद्याचं क्षेत्र फुगून दिसतं, आणि आयात-निर्यातीचे, साठ्याचे निर्णय घेताना लागवडीचे आकडेही बघितले जातात. आकडा फुगला की भाव पाडणाऱ्या निर्णयाला आपणच आधार दिला असं होतं. खऱ्या कांदेवाल्यांना त्याची झळ बसते, त्यात तुमचा चुलतभाऊही असू शकतो.

गावाने मिळून करायची एक गोष्ट सुचवतो. गावात कोणाकोणाची पाहणी झाली, ते अ‍ॅपमध्ये बघता येतं. पूर्वी सातबारे संगणकावर चढवताना २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं होतं, लोकांसमोर नोंदी वाचल्या आणि शेकड्याने चुका तिथेच सापडल्या. मुदत संपायच्या आठ-दहा दिवस आधी ग्रामपंचायतीत किंवा पारावर तशीच एक संध्याकाळ ठेवावी. कॉलेजातल्या चार-पाच मुलामुलींनी फोन घेऊन बसावं, यादी वाचावी. कोणाची राहिलीय, कोणाच्या सोयाबीनमधली तूर सुटलीय, कोणाचं क्षेत्र एकर-हेक्टरच्या घोळात दुप्पट-तिप्पट झालंय, हे शेजाऱ्यांना लगेच कळतं, कारण एकमेकांची शेतं सगळ्यांना पाठ असतात. विधवा बायका, म्हातारी माणसं, एकटे खातेदार यांची वेगळी यादी करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, त्या मुलांनी खातेदाराला सोबत घेऊन त्यांच्या शेतावर जावं. ज्या गटात अ‍ॅप हद्द चुकीची दाखवतं, त्यांची एकत्र यादी करून ग्रामपंचायतीच्या पत्रासह तहसीलदारांना द्यावी. एकट्याच्या अर्जापेक्षा तीस गटांची यादी असलेलं पत्र टेबलावरून लवकर हलतं.